जर्मनीची घटना कोणत्या तारखेची?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एलएलएम सेकंड इयरला आहे, राहायला प्रतापनगरला. डेझर्टेशनला विषय घेतला की घटनादुरुस्तीला मर्यादा असाव्या का, त्यात भारत, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि नेपाळ. गुगलवर टाकलं की पीडीएफचा ढीग येतो, मी सगळ्या डाउनलोड करून बर्डीवरून प्रिंट पण मारून आणल्या, आणि आता गाईड मॅडम म्हणतात यातली एकही चालत नाही, ओरिजिनल सोर्स आण. ओरिजिनल म्हणजे काय, जर्मनीला जाऊ का? पेड डेटाबेसचे पैसे माझ्याकडे नाहीत.

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे गं, प्रिंटचे पैसे गेले ते मात्र वाईट झालं. जर्मनीला जायची गरज नाही. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांना १९४७ मध्ये खरंच अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, इंग्लंड असं फिरून तिथल्या न्यायाधीशांना, जाणकारांना भेटून यावं लागलं होतं, तुझं काम कूलरसमोर बसून होतं.

सुरुवात कॉन्स्टिट्यूट नावाच्या साईटवरून कर. २०१३ ला सुरू झाली, फुकट आहे, जगातल्या बहुतेक देशांच्या घटना तिथे इंग्रजीत आहेत आणि दोन देश शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात. तुझ्यासाठी खरी गंमत म्हणजे तिथे विषयवार टॅग आहेत, त्यात बदलताच न येणाऱ्या तरतुदी असा वेगळा टॅगच आहे, तो दाबला की कुठल्या कुठल्या देशात अशी कुलपं लावलेली आहेत ते एका फटक्यात दिसतं. पण हे शोधायला. तळटीपेत द्यायला नाही, कारण तो अनुवाद आहे, त्या देशाचा अधिकृत मजकूर नाही.

तळटीपेसाठी त्या त्या सरकारचीच साईट गाठायची. जर्मनीच्या कायदा मंत्रालयाची 'गेझेट्झे इम इंटरनेट' म्हणून साईट आहे, तिथे १९४९ च्या बेसिक लॉचा, म्हणजे जर्मनीच्या घटनेचाच, जर्मन मजकूरही आहे आणि इंग्रजी अनुवादही, आणि अनुवादाच्या वरतीच लिहिलेलं असतं की कोणत्या दुरुस्तीपर्यंतचा आहे, ती ओळ आधी वहीत उतरव. तुला हवं ते कलम ७९(३). मानवी प्रतिष्ठा, संघराज्य वगैरेला दुरुस्ती करूनही हात लावता येत नाही असं तिथे लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे असं काही लिहिलेलं नाही, तरी २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा बेसिक स्ट्रक्चरचा, म्हणजे घटनेचा मूळ गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही असा, निकाल दिलाच. त्याआधी १९६५ मध्ये डीट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकाने बनारसला याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. हा धागा डेझर्टेशनमध्ये सोडू नको, तुझे दोन देश तिथेच जोडले जातात.

दक्षिण आफ्रिकेत मी स्वतः तोंडावर पडलेय. फाशीची शिक्षा रद्द करणारा 'मकवान्याने' नावाचा तिथला निकाल मी वाचत होते, त्यात जगण्याचा हक्क कलम ९ म्हणून आला, मी घटना उघडली तर कलम ९ समानतेचं, मग मी दोन दिवस अनुवाद चुकलाय असं धरून चालले आणि एका सेमिनारमध्ये तसं बोलूनही मोकळी झाले. निकाल १९९५ चा, म्हणजे १९९३ च्या अंतरिम घटनेखालचा, आणि मी उघडून बसलेली १९९६ ची, तिच्यात जगण्याचा हक्क कलम ११ ला आहे! तेव्हा आधी तारीख बघ मग कलम. तुला तिथलं कलम ७४ लागेल. पहिलं कलम बदलायचं तर नॅशनल असेंब्लीत ७५ टक्के मतं लागतात, वर नऊपैकी सहा प्रांतांचा पाठिंबा, म्हणजे कुलूप आहे पण किल्लीही ठेवलीय. तिथले निकाल सॅफ्ली नावाच्या साईटवर फुकट मिळतात. त्याच धर्तीवर ऑस्ट्रेलियाचं ऑस्टली, कॅनडाचं कॅनली, ब्रिटनचं बेली आहे.

नेपाळचं मूळ संविधान देवनागरीतच आहे, नेपाळ कायदा आयोगाच्या साईटवर, तेव्हा इंग्रजीवर थांबू नको, शेजारी मूळ उघड. फक्त तिथे 'संविधान संशोधन' दिसलं की रिसर्च समजू नको, नेपाळीत ती दुरुस्ती, आणि 'धारा' म्हणजे आपलं कलम. धारा २७४ वाच, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडतेविरुद्ध दुरुस्तीच करता येत नाही.

गुगलच्या सुट्या पीडीएफमध्ये कधी कधी कुठल्या तरी नापास मसुद्यालाच घटना म्हणून ठेवलेलं असतं. चिलीचं बघ, ४ सप्टेंबर २०२२ ला लोकांनी एक मसुदा नाकारला, १७ डिसेंबर २०२३ ला दुसराही, आणि चालू आहे ती १९८० चीच, दुरुस्त्यांसकट. म्हणून पेज बघितल्याची तारीख लिही आणि वेबॅक मशीनवर (वेबपेजची जुनी प्रत जपून ठेवणारी साईट) सेव्ह करून ठेव, सरकारी लिंका फार पटकन मरतात. पेड डेटाबेसचं म्हणशील तर आधी कॉलेजच्या लायब्ररीयनला रिमोट लॉगिन विचार, बरेचदा असतं आणि कोणी विचारतच नाही.

प्रश्न : मी रिटायर्ड माणूस, धरमपेठेत राहतो. बाबासाहेबांचं घटना समितीतलं भाषण मूळातून वाचायचंय, व्हॉट्सअपवर येतं त्याच्यावर आपला विश्वास नाही. मराठीत संविधान पण मिळेल काय?

उत्तर : काका, विश्वास ठेवत नाही तेच बरं. घटना समितीच्या चर्चा ९ डिसेंबर १९४६ पासूनच्या, लोकसभेच्या साईटवर आहेत, आणि कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेटवर शब्द टाकून शोधता येतं, पण सगळं इंग्रजीत. ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण काढा, मसुदा मांडतानाचं. परदेशातून उचललं म्हणून टीका होत होती, त्यावर बाबासाहेब म्हणतात, घेण्यात लाज कसली, घटनेच्या मूळ कल्पनांवर कोणाचं पेटंट नसतं. मराठी संविधान केंद्राच्या विधायी विभागाच्या साईटवर आहे. अक्षर बारीक वाटलं तर नातवाकडून टॅबवर घ्या.

प्रश्न : ताई, ब्रिटनच्या घटनेची पीडीएफ काऊन सापडत नाही? एमपीएससीसाठी पाहिजे.

उत्तर : कारण एकत्र लिहिलेली अशी ती नाहीच रे बाबा. १६८९ चा बिल ऑफ राइट्स, १९९८ चा ह्यूमन राइट्स ॲक्ट, असे सुटे कायदे आणि बाकी संकेत. कायदे लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके वर बघ, बऱ्याच कायद्यांना तिथे टाइमलाइन आहे, मागच्या एखाद्या तारखेला मजकूर कसा होता तेही दिसतं.