मानवेलाच्या बांबूचा आधुनिक घाटाचा सोफा पाच-सहा वर्षं टिकेल का, की वर्षातच भुसा पडेल?

टिकेल, पण बांबूवर प्रक्रिया झालेली असेल तरच. खुर्चीखाली पिवळट भुसा पडतो तो भुंगेऱ्यामुळे, म्हणजे बांबू पोखरणाऱ्या किड्यामुळे, आणि भुंगेरा येतो बांबूतल्या स्टार्चसाठी. म्हणून कोवळा बांबू नको. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या. 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवून, पेऱ्यांच्या आतल्या गाठी सळईने फोडून, आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. मग सावलीत वाळवा; उन्हात घाई केली की तडकतो. हे मी मेळघाटात बांबूकामाच्या प्रशिक्षणात शिकलो आणि आता ऑर्डरीही घेतो.

डिझाइनचं म्हणाल तर मानवेल जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे पायांना उत्तम. कटांग ही बांबूची दुसरी जात पोकळ, पण जाड भिंतीची. ती बैठकीच्या आडव्या दांड्यांना. आधुनिक सोफ्यांच्या फोटोत दिसतात तसे बारीक, तिरके पाय करता येतात, फक्त खिळा ठोकू नका, बांबू उभा चिरतो. ड्रिलने भोक पाडून बोल्ट किंवा बांबूचीच खुंटी घाला. आमच्याकडचे बुरूड कारागीर हे डोळे मिटून करतात, त्यांना नुसतं माप आणि चित्र द्या.

एकच अडचण: टाकणखार पाण्याने धुऊन निघतो. सोफा ओसरीत ठेवा, अंगणात पावसात नाही.