पाच पानांच्या साइटला एवढं सामान?

स. न. वि. वि.

(या मायन्याला हसशील, पण पत्र म्हटलं की हात आपोआप तिकडेच वळतो.)

तुझी पक्ष्यांच्या नोंदींची साइट काल रात्री मोबाइलवर उघडली. फोटो छान आहेत, नोंदी त्याहून छान. सोबत पाठवलेल्या यादीत रिॲक्ट, टेलविंड, टाइपस्क्रिप्ट अशी साइट बनवायची तयार साधनं आणि मी कधी न ऐकलेली दोन-तीन नावंही होती. ‘यातलं आधी काय शिकू? मागे पडल्यासारखं वाटतंय,’ असं तू विचारलंस.

यादी राहू दे जरा. कॉम्प्युटरवर तुझी साइट उघड, एफ १२ दाब (ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडतील), ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि पान रीलोड कर. आता फाइली आकारानुसार लाव. सगळ्यात वर तुझा खंड्या बसलाय: ४००० पिक्सेल रुंद, सहा एमबी. मोबाइलवर त्याला मिळणारी जागा जेमतेम ४०० पिक्सेल. तो फोटो स्क्वूश नावाच्या फोटो लहान करणाऱ्या साइटवर टाक. ते ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. रुंदी १२०० कर, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) निवड आणि मधली रेघ इकडेतिकडे सरकवून आधीचा-नंतरचा फोटो ताडून बघ. पिसांचा निळा तसाच राहील, फाइल काहीशे केबीवर येईल.

दुसरी गोष्ट, वाचता वाचता तुझा मजकूर एकदम खाली उडी मारतो. फोटोला किती जागा लागणार हे ब्राउझरला आधी ठाऊकच नसतं, म्हणून असं होतं. इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहिलीस की तो रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. या उड्यांचं माप म्हणजे सीएलएस, ते ०.१ च्या आत असावं आणि पानावरचा सगळ्यात मोठा तुकडा २.५ सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. क्रोममधलं लाइटहाउस हे साइट तपासणारं साधन दोन्ही आकडे दाखवतं. मात्र त्याच्या शंभर गुणांच्या नादी लागू नकोस. मी एकदा ९७ चे १०० करण्यात अख्खा आठवडा घालवला. कुणाला पत्ताही लागला नाही.

या सगळ्यात तुझ्या यादीतलं एकही नाव आलं नाही, बघ.

ट्रेंडचं म्हणशील तर इतकी वर्षं बघून माझं एक मत झालंय: जे खरंच कामाचं असतं ते शेवटी ब्राउझरमध्येच मुरतं. २००६ मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी आली तेव्हा तिच्यावाचून आमचं पान हलत नसे. आज पानातला भाग शोधणारं क्वेरीसिलेक्टर आणि सर्व्हरवरून माहिती आणणारं फेच ब्राउझरमध्येच आहेत. त्याच वर्षी फायरबग आलं, फायरफॉक्सला वरून जोडायचं एक्स्टेन्शन. तुझ्या एफ १२ चं ते पूर्वज. फ्लोटच्या (मजकुराभोवती चित्र सरकवायच्या सोयीच्या) कुबड्यांवर उभे केलेले लेआउट २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड आल्यावर सुटले. नेस्टिंगसाठी, म्हणजे एका नियमाच्या पोटात दुसरा लिहायला, सॅस हे वेगळं साधन लागायचं, २०२३ पासून ते साध्या सीएसएसमध्ये चालतं. म्हणून एमडीएन ही वेबची संदर्भ-साइट उघडी ठेवून एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट घट्ट कर. नवीन काही वापरण्याआधी कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते सांगणाऱ्या ‘कॅन आय यूज’वर एकदा नजर टाक.

रिॲक्ट शिकूच नकोस असं नाही. उद्या एक फिल्टर बदलला की यादी, नकाशा आणि आकडे एकदमच बदलायला हवेत, असं काही करशील तेव्हा ते जरूर घे. पाच स्थिर पानांना ते कशाला? प्रत्येक पॅकेजबरोबर (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडबरोबर) ते ज्यांवर अवलंबून असतं ते सगेसोयरेही घरात येतात. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या कितीतरी प्रोजेक्टांचे बिल्ड, म्हणजे कोड जुळवून तयार करायचं काम, अडलं.

फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं गिट मात्र आजच सुरू कर. माझ्याकडे ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ असे फोल्डर होते. त्यातल्या चुकीच्यावर मी काम चढवलं आणि बरोबरचा उडवला. एकच सांभाळ: नकाशाच्या सेवेची गुप्त एपीआय की (ती सेवा वापरायची किल्ली) चुकून कमिट झाली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदली गेली, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. ती की रद्द करून नवी घ्यायची.

एआयकडून कोड घेत असशीलच, सगळेच घेतात. फक्त त्याने सुचवलेलं पॅकेज खरंच अस्तित्वात आहे का ते बघ. नसलेली नावंही तो छातीठोकपणे सांगतो. आणि जी ओळ तुला मला समजावून सांगता येणार नाही, ती साइटवर चढवू नकोस.

शेवटी एक काम. माउस बाजूला ठेव आणि नुसत्या टॅबच्या बटणाने तुझ्या साइटवर फिर. ‘नोंद जोडा’पर्यंत मी पोचूच शकलो नाही, कारण ते बटण नाहीच, रंग फासलेला डिव्ह, म्हणजे नुसता चौकोन, आहे. तिथे खरा बटण टॅग टाकलास की कळव. आणि हो, चोचीत मासा धरलेला तो खंड्या टिपायला किती वेळ बसावं लागलं, तेही लिही.