घरात सापडलेल्या, वापरलेल्या जुन्या नोटांना जास्त किंमत मिळते का?

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक, दोन आणि पाचच्या चाळीसेक नोटा निघाल्यात, सगळ्या हाताळलेल्या, घड्या पडलेल्या. त्यांचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे येतील का, आणि ट्रॅक्टरवाली पाचची नोट खरंच लाखात जाते का, असं तुम्ही विचारलंय.

ट्रॅक्टरचं आधी सांगतो. नाही जात. ती नोट अमाप छापली गेली, आजही चलनात आहे, आणि तिचे पाचच रुपये येतात. लाखाचं आमिष दाखवणारे आधी ‘नोंदणी फी’ मागतात, मग ‘टॅक्स’. रिझर्व्ह बँकेच्या नावावर हे इतकं चाललं होतं की ऑगस्ट 2021 मध्ये बँकेनेच जाहीर केलं, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि आम्ही त्यासाठी कसलंही कमिशन घेत नाही.

आता तुमच्या नोटा. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय, म्हणून तेच सांगतो.

इंदूरला आमच्या घरी आजी दर लक्ष्मीपूजनाला एक कोरी नोट देवीपुढे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या डब्यात जायची. ती गेल्यावर डब्यात एकतीस नोटा निघाल्या. मला वाटलं, घबाड मिळालं! यातली एकही बाजारात गेलेली नाही. सगळ्यात खाली दोन रुपयांची एक नोट होती, इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर सी. डी. देशमुखांची सही. ती तेवढी चुरगळलेली होती, बहुतेक पणजीकडून आलेली. दुकानात नीट दिसावी म्हणून मी आदल्या रात्री तिच्यावर इस्त्री फिरवली.

राजवाड्याजवळ एक जुने नोटा-नाणेवाले बसायचे, त्यांच्याकडे डबा नेला. त्यांनी नंबर पाहिलाच नाही. पहिली नोट उचलून खिडकीकडे तिरकी धरली आणि डाव्या बाजूची दोन भोकं बोटाने दाखवली. पूर्वी बँका गड्डीला स्टेपल मारायच्या, त्याची. ती चालतात म्हणाले, बहुतेक नोटांना असतात. मग मधला लाल डाग दाखवला. “बाजारात नाही फिरली, पण देवघरात फिरली की हो.” एकतीसच्या एकतीस नोटांवर हळदी-कुंकू! देशमुखांची नोट हातात घेतली आणि अंगठ्याने नुसती चाचपली. “इस्त्री केलीत?” कागदाचा मूळ पोत गेला होता, वर नको ती चकाकी आली होती. तिचे छापील किमतीपेक्षा बरेच जास्त मिळाले असते. मी हात लावला नसता तर आणखी मिळाले असते.

तर हिशेब असा की नोट जितकी सर्रास मिळणारी, तितकी घडी महाग पडते. एकची नोट 1994 ला छापायची थांबली (2015 ला परत सुरू झाली), दोनची 1995 ला. ‘बंद झाली’ म्हणताच घरोघरी लोकांनी जपून ठेवली, त्यामुळे आज कोणाकडे नाहीत असं नाही. घड्या पडलेल्या अशा नोटेचे व्यापारी फार तर चार-दोन रुपये जास्त देईल, पुष्कळदा तेही नाही. उलट 1918 ची अडीच रुपयांची नोट किंवा 1917 ची पहिली एकची नोट असेल, तर घड्या काय, कोपरा गेलेला असला तरी लोक मागे येतात.

घरबसल्या दोन गोष्टी बघा. सही कोणाची आहे? त्यावरून नोट कधीची ते कळतं. एकच्या नोटेवर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवाची सही असते, आणि तिच्यावरच्या नाण्याच्या चित्रात साल सापडतं. बाकीच्या नोटांच्या मागे साल छापणं 2005 पासूनचं, तेव्हा ‘साल नाही म्हणजे दुर्मीळ’ या भ्रमात राहू नका. आणि नंबर बघा: सगळे आकडे सारखे, 786, किंवा छपाईतली ढळढळीत चूक असेल, तर वापरलेल्या नोटेलाही गिऱ्हाईक असतं.

इथून देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर, तिथे नोटांचा छापखाना आहे, म्हणून इंदुरात प्रत्येकाच्या ओळखीत ‘आतली माहिती’ असलेला एक जण असतोच. त्याचं ऐकू नका. छापणाऱ्याला जुन्या नोटेचा भाव काय माहीत?

ट्रंकेत 2016 ला बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा असतील तर त्यांचं वेगळं आहे. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यास-संग्रहासाठी फार तर पंचवीस. दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा त्या नोटांच्या छापील किमतीच्या पाचपटीपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते.

बाकी धुणं, खोडणं, चिकटपट्टी, लॅमिनेशन, यातलं काहीच नको. मऊ झालेली नोट तशीच सपाट पाकिटात ठेवा आणि विकायच्या आधी दोन-तीन ठिकाणी दाखवा.

आमचा डबा घरीच आहे, देशमुखांच्या नोटेसकट. त्या दुकानदाराचं म्हणणं आईला सांगितलं, तरी यंदाच्या दिवाळीला तिने नव्या नोटेवर कुंकू वाहिलंच.