आळशी नाहीये तो! मुलांचं शारीरिक अपंगत्व आणि शाळा : तुमचे प्रश्न

प्रश्न विचारणारे बदलतात, मुलांची वयं बदलतात, घोळ मात्र तोच असतो, म्हणून एकदाच बसून लिहिते. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाचून कोणी परस्पर व्यायाम किंवा औषधं चालू करू नका, मूल समोर बघितल्याशिवाय कोणालाच नीट सांगता येत नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलताना खूप अडखळते. शाळा म्हणते हिला अभ्यास झेपणार नाही.

कशावरून ठरवलं शाळेने? सीपीमध्ये (म्हणजे सेरेब्रल पाल्सीत) शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली असते, आणि जवळपास निम्म्या मुलांची बुद्धी व्यवस्थित असते. तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत म्हणून शब्द अडकतात, उत्तर डोक्यात तयार असतं. माझ्याकडे येणारा एक मुलगा ‘हो’ म्हणायला नजर वर न्यायचा आणि वर्गात सगळ्यांना वाटायचं याचं लक्षच नसतं, छताकडे बघत बसतो. आधी कान-डोळे तपासून घ्या, स्पीच थेरपिस्ट आणि बालमानसशास्त्रज्ञाकडून रीतसर असेसमेंट करा, तो रिपोर्ट घेऊन शाळेत जा. आणि एक, मेंदूतली इजा वाढत नसली तरी मूल वाढतं, स्नायू आखडतात, खुबा हळूहळू जागचा सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. चालता न येणाऱ्या मुलांमध्ये हा धोका जास्त, तेव्हा खुब्याचा एक्सरे किती दिवसांनी काढायचा ते ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारून ठेवा.

प्रश्न : वर्गातल्या इतर पालकांना भीती वाटते, सीपी संसर्गजन्य असतं का?

नाही.

प्रश्न : बाळ पंधरा महिन्यांचं आहे, अजून चालत नाही. वॉकर आणू का?

नको. वॉकरने चालणं लवकर येत नाही, उलट मुलं चवड्यांवर ढकलत फिरायला शिकतात आणि जिन्यावरून पडतात ते वेगळंच. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, तरी जाहिरातीत ‘पहिलं पाऊल’ वगैरे चालूच असतं. पंधरा महिने म्हणजे लगेच घाबरण्यासारखं नाही पण अठराव्या महिन्यालाही चालत नसेल तर दाखवाच. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, दुसरी मूठ कायम बंद असेल, तर अठरा महिन्यांचीही वाट बघू नका. ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करत बसलेले पालक मी पाहिलेत, दुसऱ्या हाताकडे कोणी बघितलंच नव्हतं.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. सारखा पडतो, जिना रेलिंग धरून चढतो, पळताना सगळ्यात मागे. टीचर म्हणतात आळशी आहे, मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या आहेत. घरचे म्हणतात मुलगे उशिराच सुधारतात, वाट बघू का?

नाही, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

आज घरी एक करा. त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि उठ म्हणा, हात देऊ नका. सरळ उठला तर चांगलंच. पण आधी पालथा वळला, हातपाय टेकवून ढुंगण वर उचललं आणि मग हात गुडघ्यावर, मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला, तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या उठण्याला गॉवर्सची खूण म्हणतात, 1879 मध्ये गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी वर्णन केलेली, म्हणजे ओळखायला मशीन लागत नाही, बघणारा माणूस लागतो! मांडीचे आणि कमरेचे स्नायू कमजोर झालेत एवढं त्यातून कळतं. कारणं बरीच असतात, पण या वयाच्या मुलग्यात डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत नेणारा जनुकीय आजार, आहे का हे बघावंच लागतं. त्यात पोटऱ्या भरलेल्या दिसतात पण ती ताकद नसते, स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साठत जातात.

पहिली तपासणी साधी आहे, रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम. डुशेनमध्ये ते नॉर्मलच्या दहापट ते शंभरपट वाढलेलं असतं. लिव्हरसाठी तपासतात ते एसजीओटी-एसजीपीटीसुद्धा वाढतात कारण ते स्नायूतूनही येतात, आणि इथे गंमत अशी की काही मुलांवर कितीतरी महिने लिव्हरचे उपचार चालू राहतात, सीपीके कोणी केलेलंच नसतं. पुढे जनुकीय तपासणी. आजार आज पूर्ण बरा होत नाही, पण वेळेवर स्टेरॉइड चालू केलं तर मूल जास्त वर्षं स्वतःच्या पायावर चालतं, हृदय आणि श्वास यांच्यावर लक्ष ठेवता येतं. आईला दुसरं मूल हवं असेल तर त्याआधी जेनेटिक सल्ला घ्यायचा असतो, तोही उशिरा निदानात हुकतो. तुमच्या मुलाला हेच आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ‘वाट बघू’त गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत हो, आणि तोपर्यंत त्या फेऱ्या बंद करा. कमजोर स्नायूंवर उड्या, जिना उतरणं, दमेपर्यंत पळणं यांचा ताण पडून नुकसान होऊ शकतं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एका मुलीच्या पायात स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) आहे, काढल्यावर लाल वळ दिसतो. काढून ठेवू का?

घड्याळ लावा. वीस-तीस मिनिटांत लाली गेली तर चालतं. राहिली, किंवा फोड दिसला, तर स्प्लिंट घालू नका, त्याच दिवशी पालकांना कळवा, बहुतेक पाय वाढलाय आणि माप नव्याने घ्यायला हवं. स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट बंद न होणं) असलेल्या मुलांना पायात जखम झालेली कळतही नाही, तिथे रोज बघायचं.

प्रश्न : स्टेम सेलने सीपी बरी होते असं एका केंद्रात सांगितलं, ‘लवकर ठरवा’ म्हणाले. काय करू?

घाई ते करतायत हेच उत्तर आहे. सीपी बरी करणारा स्टेम सेल उपचार आज सिद्ध झालेला नाही. आधीचे-नंतरचे व्हिडिओ बघून भुलू नका, मधल्या महिन्यांत मूल वाढलंय आणि थेरपीही चालू होती. पैसे भरण्याआधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

प्रश्न : वर्गात व्हीलचेअरवरचा मुलगा आलाय, काय तयारी करू?

त्यालाच विचारा. रॅम्प एकास बारा उताराचा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, नाहीतर ती घसरगुंडी होते. पाय खाली टेकलेले हवेत, लोंबकळले की मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि अक्षर बिघडतं. न विचारता खुर्ची ढकलू नका. आणि त्याची पाण्याची बाटली बघा. भरलेलीच घरी परत जात असेल तर टॉयलेटला जाता येत नाही म्हणून तो दिवसभर पाणी पीत नाहीये.

प्रश्न : क्लबफूटचं (जन्मतः आत वळलेल्या पावलाचं) प्लास्टर निघालं, पाय आता सरळ दिसतो. रात्रीचे पट्टीने जोडलेले बूट बंद केले तर चालेल?

नाही. पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. मूल साधारण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बूट घालायचे, कधी बंद करायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील.