पवनचक्कीचं पातं वळण कसं घेतं?

प्रश्न : महामार्गावर ट्रेलरवरून चाललेलं पवनचक्कीचं प्रचंड पातं पाहिलं. एवढी अवजड वस्तू बनते कुठे आणि घाटात वळवतात कशी? तुकडे करून नेता येत नाहीत का? – एक वाचक

उत्तर : वजनाचं फारसं काही नसतं. 75 मीटरचं पातं साधारण 25 टनांचं भरतं आणि तेवढा माल वाहणारे ट्रक तुम्ही रोज पाहता. नडते ती लांबी. अशा वाहतुकीच्या मार्गांची पाहणी करणं हेच माझं काम आहे. पातं कुठे बनावं हे शेवटी रस्ताच ठरवतो, असं माझं ठाम मत आहे.

पातं त्याच्याच लांबीच्या साच्यात बनतं. काचतंतूंच्या कापडाचे थर अंथरतात, मधे हलकं बाल्सा लाकूड किंवा फोम बसवतात, वरून प्लास्टिक घालून आतली हवा खेचून घेतात आणि राळ सोडतात. असे दोन अर्धे भाग चिकटवले की झालं पातं. बुडापासून टोकाकडे धावणाऱ्या सलग तंतूंतच त्याची ताकद असते, म्हणून ते मधेच तोडणं परवडत नाही.

समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती तर शंभर मीटरच्या पुढे गेली आहेत. व्हेस्टास या डॅनिश कंपनीचं एक पातं 115.5 मीटरचं आहे. त्यामुळे हे कारखाने थेट बंदराशी गेले. इंग्लंडमधल्या हल बंदरात सीमेन्सचा कारखाना 2016 मध्ये सुरू झाला. फ्रान्समधल्या शेरबुर्गला 2019 मध्ये 107 मीटरचं पातं तयार झालं आणि चाचणीसाठी जहाजानं बॉस्टनला गेलं.

जमिनीवरच्या पात्यांना मात्र रस्त्यावाचून गत्यंतर नाही. हवा तेवढा लांबवता येणारा ट्रेलर असतो. त्याची मागची चाकं वेगळी वळतात आणि अवघड वळणावर ती वळवणारा माणूस रिमोट घेऊन बाजूनं चालत असतो. पात्याचं टोक तेव्हा रस्त्याबाहेरून, कधी शेतावरून फिरतं. म्हणून पाहणी करताना आमचं लक्ष डांबरापेक्षा कडेचे खांब, कठडे आणि झाडांवर जास्त असतं. दिशाफलक काढून ठेवायचे, ट्रेलर गेला की पुन्हा लावायचे.

घाटासाठी वाहनच निराळं. पात्याचं बूड एका चौकटीला बोल्टांनी आवळतात आणि हायड्रॉलिकच्या जोरावर टोक आकाशाकडे उचलतात. पातं तिरकं उभं राहिलं की जमिनीवर त्याला लागणारी जागा कमी होते आणि वळण निघतं. गाडी माणसाच्या चालीनं सरकते. विजेच्या तारा आल्या की टोक खाली घ्यायचं. वारा पकडण्यासाठीच घडवलेली वस्तू ती! उभी असताना वारा वाढला तर आधी तिची कड वाऱ्याकडे फिरवून पाहतात, तरीही ऐकत नसेल तर काम थांबवतात. तिथे घाई चालत नाही.

तुकड्यांचं म्हणाल, तर जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी दोन भागांची पाती वापरात आहेत. सांध्यामुळे वजन वाढतं, तो तपासत राहावा लागतो. तरीही डोंगराळ जागांसाठी मी तोच पर्याय सुचवतो, कारण रस्त्याकडेची बरीच झाडं त्यानं वाचतात.