कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, माती धरत नाही, मग हिमनदी सरकलेल्या जागी शे-दोनशे वर्षांत जंगल कसं येतं?

कारण हिमनदी मागे नुसता कातळ ठेवत नाही; दगड दळून केलेला बारीक गाळ ठेवते, त्यात मुळं लगेच शिरतात. तिथे कमी असतो तो नायट्रोजन. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये १९१६ पासून आखलेल्या चौकोनांत हे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलं गेलंय: आधी शेवाळं, मग जमिनीलगत पसरणारं ड्रायस, पुढे आल्डरची झुडपं, शेवटी स्प्रूसची सूचीपर्णी झाडं. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, पालापाचोळा कुजून माती काळी होते. खरं काम इथेच होतं.

आपल्या रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यावर जांभ्याचं कडक कवच, त्यावरची माती पाऊस धुऊन नेतो आणि नंतर सात-आठ महिने सगळं कोरडं. खळग्यात बोटभर माती साठते, तीही इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती बारीक जीव पकडून नायट्रोजन मिळवतात. म्हणून सडा म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नव्हे. त्यावर माती टाकून झाडं लावू नयेत.

मात्र अलास्कातला क्रमही सगळीकडे तोच नसतो. बी देणारं जंगल जवळ असेल तर काही ठिकाणी स्प्रूस लवकर येतो, आल्डरची दाटी होतच नाही.