इनबॉक्समधला लोगो: सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी घ्या

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत. पिंपळगावच्या तुमच्या द्राक्ष-बेदाण्याच्या फर्मचा लोगो मेलशेजारी का दिसत नाही, लोगो तुमचाच असल्याचं, एजन्सी म्हणते ते महागडं सर्टिफिकेट लगेच घ्यावं का, आणि हंगामाआधी लोगो बदलायचा आहे तर त्याचं काय. माझं स्पष्ट मत आहे की सर्टिफिकेट आत्ता घेऊ नका. तुम्ही दिलेल्या डोमेनच्या रेकॉर्डमध्ये डीमार्कची पॉलिसी, म्हणजे तुमच्या नावानं आलेल्या पण तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ही सूचना, ‘नन’ (काहीच करू नका) आहे. ती तशी असेपर्यंत कितीही पैसे भरले तरी लोगो दिसणार नाही.

लोगो दाखवण्याच्या या पद्धतीला बिमी म्हणतात. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे हे आधी सिद्ध झालं, तरच समोरची मेल सेवा लोगोचा विचार करते. त्यासाठी एसपीएफ (तुमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क ही तिन्ही रेकॉर्ड बसलेली लागतात, आणि डीमार्कची पॉलिसी ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) किंवा ‘रिजेक्ट’ (नाकारा) लागते, तीही शंभर टक्के मेलना लागू. दाराला कुलूप नसताना पाटी रंगवायला काढू नये, एवढंच मला म्हणायचंय.

म्हणून खरी मेहनत डीमार्कवर घ्या. आधी पॉलिसी ‘नन’च ठेवून, मेल सेवा पाठवतात ते डीमार्कचे अहवाल एका वेगळ्या मेलबॉक्सवर मागवा. ते एक्सएमएल फायलींत येतात, नुसत्या डोळ्यांनी वाचवत नाहीत, पण ते उलगडून दाखवणारी मोफत साधनं आहेत. किमान एक पूर्ण महिना अहवाल बघा, कारण काही मेल महिन्यातून एकदाच जातात. तुमच्या नावानं कोण कोण मेल पाठवतंय याची यादी करा: ऑफिसचा मेल, वेबसाइटवरून जाणारे ऑर्डरचे मेल, बिलिंगचं सॉफ्टवेअर, बेदाण्याच्या ग्राहकांना जाणारं न्यूजलेटर. बहुतेक फर्ममध्ये वेबसाइटचे मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून थेट सुटतात, त्यांना डीकेआयएमची सही नसते, आणि पॉलिसी कडक केली की तेच आधी स्पॅममध्ये जातात. प्रत्येक सेवेची सही तुमच्या स्वतःच्या डोमेनची आहे ना, हे तपासा. नुसत्या एसपीएफवर विसंबू नका. मेल पुढे फॉरवर्ड झाला की एसपीएफ सहसा तुटतं, डीकेआयएम बहुधा टिकतं. शिवाय एसपीएफ तपासताना डोमेनच्या नोंदी शोधण्याला (डीएनएस लुकअप) 10 ची मर्यादा आहे, त्यामुळे जुन्या, बंद केलेल्या सेवांची नावं काढून टाका.

हे काम पावसाळ्यात उरका. जानेवारीपासून कंटेनर निघायला लागले की पॅकहाउसमध्ये कुणाला फुरसत नसते, आणि तेव्हा एखादा इन्व्हॉइस स्पॅममध्ये गेला तर ते परवडणारं नाही. फळछाटणी सुरू व्हायच्या आत ‘क्वारंटाइन’ करून काही आठवडे थांबा, मग ‘रिजेक्ट’ करा.

लोगो बाजूला ठेवला तरी हे करायलाच हवं. बँक खातं बदललंय असं सांगणारा बनावट मेल तुमच्या पत्त्यावरून खरेदीदाराला गेला, तर अख्ख्या कंटेनरचे पैसे जाऊ शकतात. ‘रिजेक्ट’ असेल तर डीमार्क तपासणाऱ्या सेवा असे मेल दारातच अडवतात. एखादं अक्षर बदलून घेतलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनवर मात्र याचा इलाज नाही. त्यामुळे खातं बदलल्याचा मेल आला तर फोन करून खात्री करा, हे खरेदीदारांना आधीच कळवून ठेवा.

आता सर्टिफिकेट. जीमेलमध्ये बिमी जुलै 2021 पासून आहे आणि तिथे सर्टिफिकेटशिवाय लोगो येत नाही. याहू सर्टिफिकेट मागत नाही, पण मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्या, चांगली पत असलेल्या डोमेनलाच लोगो दाखवतं. सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं. व्हीएमसीला (व्हेरिफाइड मार्क सर्टिफिकेट) नोंदणी झालेला ट्रेडमार्क लागतो. जीमेलमध्ये नावापुढे निळी खूण त्यानंच मिळते, मे 2023 पासून. दुसरं सीएमसी (कॉमन मार्क सर्टिफिकेट), ते जीमेलनं सप्टेंबर 2024 पासून स्वीकारलं. त्याला ट्रेडमार्क लागत नाही, पण तो लोगो निदान 12 महिने जाहीर वापरात असल्याचा पुरावा लागतो, आणि निळी खूण मिळत नाही.

इथेच तुमची अडचण आहे. तुमचा ट्रेडमार्कचा अर्ज अजून प्रलंबित आहे, म्हणजे व्हीएमसी मिळणार नाही. नवा लोगो 12 महिने वापरलेला नाही, म्हणजे त्याच्यावर सीएमसीही नाही. जुन्या लोगोवर घेतलं तर काही महिन्यांत ते बाद. म्हणून आधी लोगो पक्का करा, मग त्याच चित्राचा ट्रेडमार्कचा अर्ज करा. नुसतं नाव शब्द म्हणून नोंदवलं असेल तर द्राक्षाच्या घडाचं चित्र त्यात येत नाही. बेदाणे ट्रेडमार्कच्या वर्ग 29 मध्ये येतात, ताजी द्राक्षं वर्ग 31 मध्ये. ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतींसाठी चार महिने जातात, तेव्हा घाई करून उपयोग नाही.

फाइलचं थोडक्यात: पीएनजी चालत नाही. एसव्हीजी टायनी पीएस हा व्हेक्टर (रेषा-आकारांनी बनलेल्या) चित्राचा प्रकार हवा, चौरस, 32 केबीच्या आत, टायटल भरलेलं, आत फोटो किंवा स्क्रिप्ट नको. पीएनजीलाच एसव्हीजीच्या आवरणात घालून देणारे डिझायनर बरेच आहेत, त्यामुळे मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्या. पार्श्वभूमी भरीव ठेवा आणि चिन्ह मधोमध घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी ते गोलात कापलं जातं.

लोगो बदलताना बहुतेकांची फजिती होते ती अशी: सर्व्हरवरची फाइल बदलतात आणि सर्टिफिकेट तसंच ठेवतात. लोगो सर्टिफिकेटच्या आत बसवलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत तर काहीच दिसत नाही. म्हणून नव्या लोगोचं सर्टिफिकेट आधी हातात घ्या. मग नवी एसव्हीजी आणि नवं सर्टिफिकेट दोन्ही नव्या नावांनी चढवा आणि बिमी रेकॉर्डमधले दोन्ही पत्ते एकाच वेळी बदला. जुन्याच नावावर फाइल चढवली तर मेल सेवांनी साठवलेला जुना लोगो रेंगाळत राहतो. जुन्या फाइली लगेच काढू नका. सर्टिफिकेट साधारण वर्षभरच चालतं, तेव्हा नूतनीकरणाची तारीख डोमेनच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

शेवटी खर्चाचं. आउटलुक बिमी दाखवत नाही. तुमचे युरोपातले खरेदीदार कंपनीचा आउटलुक वापरत असतील तर त्यांना लोगो दिसणारच नाही, आणि सर्टिफिकेटचा वर्षाचा खर्च लाखाच्या घरात जातो. बेदाणे थेट घरगुती ग्राहकांना विकता आणि त्यातले बहुसंख्य जीमेलवर आहेत, असं तुमच्या यादीत दिसलं तरच पुढच्या वर्षी तो खर्च करा. तोवर तुमचा विक्रीचा पत्ता गूगल वर्कस्पेसवर असेल तर त्या खात्याचा प्रोफाइल फोटो म्हणून लोगो लावा. निळी खूण येणार नाही, पण जीमेलवाल्यांना वर्तुळात नुसत्या अक्षराऐवजी तुमचं चिन्ह दिसू शकतं.